ग्रामसभेला रिकाम्या हाताने जाऊ नका

तुमच्या ग्रामपंचायतीने गेल्या वर्षी घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून किती पैसे गोळा केले, सांगता येईल? बहुतेक नाही. आपल्या वयात घरपट्टी हा बाबांचा विषय असतो. पण तुम्ही स्वतः दिव्यांग असाल किंवा घरात भाऊ, बहीण, आजी दिव्यांग असेल, तर हा आकडा तुम्हाला तोंडपाठ हवा. कारण त्यातल्या पाच टक्क्यांचा तुमच्या घराशी थेट संबंध आहे.

राज्य सरकारच्या २०१८ च्या शासन निर्णयानुसार ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या तिघांनी आपल्या स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. आधी हे प्रमाण ३ टक्के होतं. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींनाही ५ टक्क्यांचं बंधन आहे. याच्या मागे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा उभा आहे. म्हणजे ही कुणा सरपंचाची मेहेरबानी नाही आणि दिवाळीची भेटही नाही. (दिव्यांग हा शब्द तुम्हाला आवडो न आवडो, अर्जावर तोच लिहायचाय. शब्दाचं भांडण आपण दुसऱ्या दिवशी करू.)

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. मार्च जवळ आला की ‘निधी खर्च करा’ अशी घाई सुटते. यादी निघते, सगळ्यांना सारखी रक्कम वाटली जाते, कुठे रेशनचं किट दिलं जातं, फोटो निघतो, फोटो ग्रुपवर पडतो. ज्याला एका कानाने कमी ऐकू येतं त्याला तेवढेच आणि जी मुलगी आईच्या कडेवरून उतरू शकत नाही तिलाही तेवढेच. दिसायला हे न्याय्य दिसतं. पण ‘तुला नेमकं काय लागतं?’ हा प्रश्न या सगळ्यात कुणी विचारलेलाच नसतो.

ऑस्ट्रेलियात २०१३ पासून दिव्यांगांसाठी एक राष्ट्रीय योजना सुरू आहे. तिथे पैसा ठरण्याआधी त्या माणसासोबत नियोजनाची बैठक होते आणि लोक त्या बैठकीची मुलाखतीसारखी तयारी करतात. आपल्याकडे असं बोलावणं कुणी पाठवणार नाही. पण बैठक आपल्याकडेही आहे. तिचं नाव ग्रामसभा. तयारी मात्र आपली आपणच करायची.

पाच टक्के, पण कशाचे?

मावळात हा प्रश्न जरा जास्तच महत्त्वाचा आहे. कार्ला, मळवलीच्या पट्ट्यात बंगले आणि रिसॉर्ट आहेत, तळेगावच्या एमआयडीसीलगतच्या गावांत कंपन्या आहेत, पवना धरणाच्या काठावर फार्महाऊस आणि तंबू आहेत (त्यातले कागदावर किती, हा वेगळाच विषय). आणि त्याच तालुक्यात अंदर मावळातली, नाणे मावळातली अशी गावं आहेत जिथे भातखाचरं, गुरं आणि कौलारू घरं हीच काय ती मालमत्ता. समजा, एका ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न १ कोटी आहे. तिचे ५ टक्के झाले ५ लाख. दुसरीचं उत्पन्न ४ लाख. तिचे झाले २० हजार. गावात दहा दिव्यांग असतील तर पहिल्या गावात प्रत्येकाला व्हीलचेअर, कमोड खुर्ची, शिवाय एखाद्याला छोटा धंदाही उभा करून देता येईल. दुसऱ्या गावात वाट्याला दोन-दोन हजार.

म्हणून पहिलं काम म्हणजे ग्रामपंचायतीच्या ऑफिसात जाऊन अंदाजपत्रक बघणं. त्याला तिथे ‘नमुना १’ म्हणतात. त्यात दिव्यांग कल्याणाच्या नावापुढे किती रक्कम धरलीय ते बघा, गेल्या वर्षी किती धरली होती, किती खर्च झाली आणि कशावर, ते विचारा. ग्रामसेवक, म्हणजे आता कागदोपत्री ग्रामपंचायत अधिकारी, दोन-तीन गावं सांभाळत असतील तर त्यांचा आपल्या गावातला वार आधी विचारून घ्या. तोंडी उत्तर मिळालं नाही तर साध्या अर्जाने मागा, तरी नाही तर माहिती अधिकार आहेच. आवाज चढवायची गरज नाही. आकडा विचारणारा तरुण समोर उभा आहे, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

दुसरं काम युडीआयडी कार्डाचं. २०२१ च्या जूनपासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ऑनलाइन नोंदणीतूनच मिळतं. घरात जुनं कागदी सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलं असेल तर ते त्याच पोर्टलवर चढवून घ्यावं लागेल. बहुतेक लाभांसाठी ४० टक्के ही किमान पातळी आहे. कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, मानसिक आजार आहे, शिकण्यातली विशिष्ट अक्षमताही आहे. ‘आमच्याकडे कुणी अपंग नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी या यादीत बसतं. तपासणीसाठी औंधच्या जिल्हा रुग्णालयात जावं लागलं तर लोणावळा लोकलने जाता येईल, पण दिवस मोडेल हे धरून चाला. तारीख नक्की करून, जुने रिपोर्ट सोबत घेऊन जा. नाहीतर तोच प्रवास पुन्हा.

गरज कागदावर उतरवा

आता खरं काम. ‘आम्हाला मदत मिळावी ही नम्र विनंती’ असा अर्ज देऊ नका. त्यातून काय हवंय ते कळत नाही. मग वाचणारा आपल्या सोयीचं काहीतरी देतो.

एक उदाहरण घेऊ, काल्पनिक, पण मावळातलं. घरात १७ वर्षांचा भाऊ आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, शिबिरात मिळालेली व्हीलचेअर आहे. ती खुर्ची उन्हाळ्यात अंगणात चालते. जूनमध्ये पाऊस लागला की घरापासून डांबरीपर्यंतच्या चिखलात चाकं रुततात. मग चार महिने भाऊ घरात. आईने त्याला उचलायचं, संडासला न्यायचं, परत आणायचं. आईची कंबर गेली की दवाखान्याचा खर्च वेगळा.

या घराची गरज काय? बाहेरचा माणूस पटकन म्हणेल, नवी व्हीलचेअर. चूक. गरज आहे ती दारापासून रस्त्यापर्यंत काँक्रीटच्या पट्टीची, उंबऱ्यापाशी उताराची आणि संडासात कमोड व धरायला दांडी यांची. हे कसं कळणार? एक आठवडा वही ठेवा. भावाला दिवसातून किती वेळा उचलावं लागतं, कुणी उचललं, कुठल्या दिवशी तो बाहेर जाऊ शकला नाही आणि का, रिक्षाला किती गेले. सात दिवसांची ही नोंद डॉक्टरच्या रिपोर्टइतकीच बोलकी असते. मग अंतर टेपने मोजा, मोबाइलवर फोटो काढा, शक्यतो पावसातला. गावातल्याच गवंड्याकडून किंवा कामशेतच्या दुकानातून लेखी कोटेशन घ्या. कोटेशन जोडलेला अर्ज बाजूला सारणं अवघड जातं, कारण त्यात आकडा असतो आणि आकडा अंदाजपत्रकात बसवता येतो. आणि हो, भावाला विचारा. तो अडखळत बोलत असेल, खुणेने सांगत असेल, पण त्याला कदाचित काँक्रीटच्या पट्टीपेक्षा आधी शाळेतल्या मित्रांकडे जायचं असेल. वही त्याची आहे.

मग कुठली गरज कुठल्या खिशातून भागवायची, हे ठरवा. काँक्रीटची पट्टी किंवा शाळेचा, ग्रामपंचायतीचा रॅम्प ही कामं गावच्या विकास आराखड्यातही घालता येतात. त्यासाठी तुटपुंजे पाच टक्के कशाला संपवायचे? व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कुबड्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेच्या शिबिरांतून मिळू शकतात. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर ‘निरामय’ ही १ लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. दर महिन्याच्या पैशांसाठी तहसील कचेरीतली संजय गांधी निराधार योजना आहे. एवढं सगळं वजा केल्यावर जे उरतं, ते पाच टक्क्यांतून मागायचं. अंदर मावळातल्या २० हजारवाल्या गावात तर ही वजाबाकी केल्याशिवाय हातात काहीच येणार नाही.

सभा कधी आणि कशी

ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमाराला होतात. आपल्या दृष्टीने कामाची सभा ऑक्टोबरनंतरची. त्या काळात पुढच्या वर्षाचा आराखडा बनतो, मग अंदाजपत्रक. मार्चमध्ये वाटपाच्या वेळी जाऊन भांडलात तर फार तर त्या दिवशीचं किट मिळेल. पैसे कशाला धरायचे हे केव्हाच ठरलेलं असतं.

अर्ज सभेच्या दिवशी देऊ नका. नोटीस निघण्याआधी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या आणि ‘दिव्यांग निधीचं नियोजन’ हा विषय विषयपत्रिकेवर घ्या असं त्यात स्पष्ट लिहा. नाहीतर तुमचा विषय ‘ऐनवेळचे विषय’ या शेवटच्या ओळीत जातो. तोवर चहा झालेला असतो, माणसं उठलेली असतात.

गावच्या मतदारयादीत नाव आहे ती प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य. शिकायला पुण्याला असलात तरी नाव गावात असेल तर तुम्हीही. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती जमली नाहीत की सभा तहकूब होते. इथे लक्ष द्या: तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्ती लागत नाही. पंधरा माणसांतही ठराव होतात. लोक पहिल्या दिवशी घरी परततात ते परततातच. तुम्ही दुसऱ्या तारखेलाही जा. त्या दिवशी तुमची चार घरं आली तरी सभेचा चांगला हिस्सा तुमचाच असेल.

सभा देवळाच्या मंडपात आणि मंडपाला सात पायऱ्या असतील तर? तेही अर्जात लिहा. ‘मला सभेला यायचंय, जागा खालची ठेवा.’ ऐकू न येणारा सदस्य असेल तर कोण खुणेने सांगणार, हे आधी ठरवा. आदल्या दिवशीच्या महिला सभेत आईने हाच विषय मांडला असेल तर दुसऱ्या दिवशी तो ‘एका घराचा’ राहत नाही.

बोलायला उभं राहाल तेव्हा आजाराची गोष्ट सांगत बसू नका. किती टक्के, कुठलं ऑपरेशन, कुणाच्या नशिबात काय, हे सगळ्या गावासमोर उलगडायची सक्ती कुणीही तुमच्यावर करू शकत नाही. ते कार्डावर आहे. तुम्ही गरज सांगा, कोटेशनचा आकडा सांगा आणि बसा. दोन मिनिटं पुरे. ‘सगळ्यांना सारखं वाटू, म्हणजे वाद नको’ असं कुणी म्हणेलच. तेव्हा वही उघडा. आणि शक्य असेल तर गावातल्या इतर दिव्यांगांच्या घरी आधीच जाऊन या. कुणाला यंदा, कुणाला पुढच्या वर्षी, हे आपसात ठरलेलं असेल तर वाटावाटीचा मुद्दा उरतच नाही. हे सोपं नाही. ज्याला दोन हजार रोख मिळणार होते त्याला ‘यंदा थांब’ म्हणणं जड जातं, आणि त्यालाही त्या पैशांची गरज असतेच. तरी ही बोलणी दिव्यांगांच्या घरांनीच करावीत. दुसऱ्या कुणी केली तर निकाल पुन्हा मार्चचाच.

लोणावळा, तळेगाव किंवा वडगावात राहत असाल तर ग्रामसभा नाही. तिथे नगरपरिषदेचा, नगरपंचायतीचा अर्थसंकल्प वर्षाच्या सुरुवातीला मांडला जातो, तेव्हा अर्ज दिवाळीच्या आसपासच गेला पाहिजे. कारभार नगरसेवकांकडे असो की प्रशासकाकडे, मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज, पोच, कोटेशन हे सगळं तसंच.

सभा संपली म्हणून फाईल कपाटात टाकू नका. ठराव नेमका काय लिहिला गेला, ते प्रोसिडिंगमध्ये वाचा. ‘दिव्यांगांना मदत करण्याचे ठरले’ एवढंच असेल तर काहीच ठरलेलं नाही. नाव, काम, रक्कम असं लिहून घ्या, सूचक-अनुमोदकासह, आणि ठरावाची नक्कल मागा.

आणि गावचे २० हजार पुरलेच नाहीत तर हीच फाईल वडगावला पंचायत समितीत न्यायची आणि पुण्याला जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात. त्यांचेही आपापले ५ टक्के आहेत. जिल्हा परिषदेचे अर्ज ठरावीक मुदतीतच घेतले जातात, त्यामुळे तारीख पंचायत समितीतून आधी काढून ठेवा आणि झेरॉक्स करतानाच तीन संच करून घ्या.