चकाकीखालचा मासा

गेल्या डिसेंबरात मालवणजवळ देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या दगडी बंधाऱ्यावर गरवायला बसलो होतो. दुपारचे तीन वाजत आले होते, ओहोटी चांगली लागली होती आणि समोरचं पाणी नव्या पत्र्यासारखं चमकत होतं. शेजारी एक आजोबा गरी घेऊन बसले होते. सगळा जन्म रापणीवर गेलेला. डोळ्यांवर आडवा तळहात धरून ते पाण्याचा अंदाज घेत होते. मी माझा गॉगल काढून त्यांना दिला. त्यांनी तो लावला, दोन क्षण काहीच बोलले नाहीत, मग एकदम म्हणाले, "अरे, तळ दिसता रे!"

चार मीटरवर कमरेएवढ्या पाण्याखाली वाळूवरच्या रेघा होत्या, एक बुडालेला दगड होता आणि त्याच्या सावलीत तीन-चार काळुंदर हलत होते. गॉगल काढला की सगळं गायब. लावला की परत हजर.

हा गॉगल बाराशे रुपयांचा होता. मासेमारीसाठी म्हणून खास बनवलेले नामांकित परदेशी गॉगल अमेरिकेतच दोनशे ते तीनशे डॉलरला मिळतात, आपल्याकडे येईपर्यंत वीस हजारांच्या घरात जातात. गरवायचा नाद असलेले मित्र मला नेहमी विचारतात, एवढे पैसे घालावेत का? त्याचं उत्तर देण्याआधी बाराशेच्या काचेने आजोबांना तळ कसा दाखवला, ते बघू.

सूर्याच्या प्रकाशात लहरींचं कंपन सगळ्या दिशांनी असतं: आडवं, उभं, तिरपं. हा प्रकाश पाण्याच्या सपाट पृष्ठभागावर तिरका पडला की परत फिरणाऱ्या भागात आडव्या कंपनाचा वाटा वाढतो. यालाच ध्रुवीकरण म्हणतात. १८०८ साली पॅरिसमध्ये एत्येन-लुई मालूस हा फ्रेंच अभियंता आपल्या घरातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर पडलेलं मावळतीचं ऊन कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहत होता. स्फटिकातून दिसणाऱ्या दोन प्रतिमा, स्फटिक फिरवला की, आळीपाळीने मंद होत होत्या. परावर्तित प्रकाश वेगळ्या जातीचा असतो, हे त्याला त्या खिडक्यांनी शिकवलं. पुढे १८१५ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने नियम बसवला: प्रत्येक पदार्थाचा एक ठरावीक कोन असतो, त्या कोनात परावर्तित प्रकाश पूर्णपणे एकाच दिशेने कंप पावतो. पाण्यासाठी हा कोन, लंबापासून मोजला तर, सुमारे ५३ अंश.

गरवणाऱ्याला हा नियम सोप्या हिशेबात वापरता येतो. पाण्यापासून आपले डोळे जितके उंच, त्याला १.३३ ने गुणायचं. येईल तितक्या अंतरावर गॉगल सर्वांत चांगलं काम करतो. हा १.३३ म्हणजे पाण्याचा अपवर्तनांक, तो या हिशेबात जसाच्या तसा उतरतो. ओहोटीच्या पाण्यापासून आमचे डोळे साधारण तीन मीटर वर होते, म्हणून चार मीटरवरचा तळ लख्ख दिसला. त्याच बंधाऱ्यावर उभं राहिलं तर ती जागा आणखी मीटरभर पुढे सरकते. होडीत बसलात तर अगदी जवळ, काठीच्या टप्प्यात येते.

वेळेचाही हिशेब आहे. सूर्य क्षितिजापासून ३७ अंश वर असतो तेव्हा त्याची पाण्यावरची तिरीप सगळ्यांत जास्त ध्रुवित असते. डिसेंबरच्या शेवटी मालवणच्या अक्षांशावर ही वेळ सकाळी दहा-सव्वादहाला आणि दुपारी तीनच्या सुमारास येते. आजोबांना गॉगल दिला ती वेळ योगायोगाने नेमकी होती. पाच वाजता सूर्य खाली उतरला असता तर वीस हजारांच्या काचेनेही तसं दाखवलं नसतं. सूर्य दहा अंशांवर आला की पाणी पडलेल्या प्रकाशाचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग परत फेकतं, आणि या चकाकीचं ध्रुवीकरण अर्धवटच असतं. अगदी आदर्श काचेतूनही तिचा तिसरा हिस्सा डोळ्यात शिरतो.

ब्रूस्टरच्या कोनात पाणी शंभरातले जेमतेम चार भाग प्रकाश परत पाठवतं. एवढ्याशा प्रकाशाने मासा कसा झाकला जातो? कारण पाण्याच्या आतून, वाळूवरून आणि माशाच्या पाठीवरून वर येणारा प्रकाशही तितकाच तुटपुंजा असतो. दोन सारख्या ताकदीच्या प्रकाशांची सरमिसळ होते आणि त्यात मासा हरवतो. नुसता काळा गॉगल दोन्ही प्रकाश सारखेच कमी करतो, त्यामुळे डोळ्यांना गार वाटतं, पण मासा दिसत नाही. पोलराइज्ड काच, म्हणजे आडवं कंपन अडवणारी काच, त्यातली चकाकी तेवढी निवडून काढते.

ही निवड मुंबईकडे येणाऱ्या एका बोटीवर एकदा फार मोलाची ठरली होती. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीने परतत होते. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं लॉर्ड रॅले यांचं मत होतं. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता, म्हणजे कॅल्साइटचे दोन तुकडे चिकटवून केलेला ध्रुवक. योग्य कोन साधून त्यांनी तो डोळ्यासमोर धरला, आकाशाचं प्रतिबिंब पुसून टाकलं आणि पाहिलं: समुद्र फिका पडण्याऐवजी जास्तच गडद निळा झाला. म्हणजे हा रंग पाण्याचाच, पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २६ सप्टेंबरला मुंबई बंदरातून त्यांनी 'नेचर'ला पत्र लिहिलं. प्रकाशाच्या विखुरण्याचा तोच माग त्यांना पुढे १९२८ च्या रामन परिणामाच्या शोधापर्यंत आणि १९३० च्या नोबेलपर्यंत घेऊन गेला. आजोबांनी बंधाऱ्यावर बसून जे केलं ते तत्त्वतः तेच होतं. पाण्यावरचं आकाश त्यांनी पुसलं.

निकोल प्रिझम काही नाकावर चढवता येत नाही. स्वस्त, पातळ ध्रुवक हवा होता, आणि त्याची गोष्ट ब्रिस्टलमधल्या कुत्र्याच्या लघवीपासून सुरू होते. १८५२ मध्ये तिथले डॉक्टर विल्यम हेरापाथ यांच्या विद्यार्थ्याने क्विनाइन दिलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीन टाकलं आणि बारीक हिरवे स्फटिक तयार झाले. ते एकमेकांवर आडवे-उभे पडले की काळे दिसत. ब्रूस्टरच्या एका पुस्तकात ही हकिगत होती. ती वाचून एडविन लँड या अमेरिकी तरुणाने असे असंख्य सूक्ष्म स्फटिक एका दिशेने रांगेत बसवलेली पातळ फिल्म केली. ती विकायची वेळ आली तेव्हा, १९३४ साली, त्याने बोस्टनच्या हॉटेलात खोली घेतली, खिडकीच्या कट्ट्यावर माशांचं भांडं ठेवलं आणि चष्मे बनवणाऱ्या अमेरिकन ऑप्टिकल कंपनीच्या माणसांना बोलावलं. उन्हाच्या चकाकीत मासे दिसत नव्हते. लँडने त्यांच्या हातात फिल्म दिली, आणि मासे दिसले. पोलराइज्ड गॉगलचा धंदा असा मासा दाखवूनच उभा राहिला, हे मला फार आवडतं.

१९३८ मध्ये लँडने फिल्मची पद्धत बदलली. प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा एका दिशेने ताणायचा, म्हणजे त्याचे लांबलचक रेणू ओळीत येतात, आणि त्यावर आयोडीन चढवायचं. गॉगलमध्ये या रांगा आडव्या बसवतात. आडवं कंपन आलं की रांगेतले इलेक्ट्रॉन त्याच्यासोबत हलतात आणि ते गिळून टाकतात, उभं कंपन पार होतं. आजही बाराशेचा असो वा वीस हजारांचा, मूळ युक्ती हीच.

मग वरचे पैसे कशाचे? मी एका मित्राचा महागडा गॉगल हंगामभर वापरला आहे, म्हणून हातातलं सांगतो. त्याची काच खरी काच होती. स्वस्त गॉगलमध्ये बहुधा पॉलिकार्बोनेट असतं. ते फुटत नाही, हलकं असतं, पण रंगांची फाकणी जास्त करतं, म्हणून नजर कडेला नेली की दूरच्या होडीच्या कडेवर पुसट निळी-पिवळी रेघ दिसते. खऱ्या काचेत ती दिसत नाही आणि मिठाचा खर पुसताना ओरखडेही लवकर पडत नाहीत. फ्रेम गालाला आणि कपाळाला अशी लगटून बसत होती की मागून येणारं ऊन काचेच्या आतल्या बाजूवर पडतच नव्हतं. काही कंपन्या काचेत पिवळ्या रंगाचा एक अरुंद पट्टा गाळतात, त्यामुळे हिरवं आणि लाल जास्त उठून दिसतं. दिवसभर बसलं तर हे सुख जाणवतं, ते खोटं नाही. पण दगडाच्या सावलीतला काळुंदर मला दोन्हींतून दिसला, आणि जो एकातून दिसला नाही तो दुसऱ्यातूनही दिसला नाही.

स्वस्तातला खरा धोका टिकण्याचा. माझ्या पहिल्या गॉगलची फिल्म काचेवर वरून चिकटवलेली होती. दोन पावसाळे स्कूटरच्या डिकीत राहिला आणि कडेने बुडबुडे धरून पापुद्रा सुटला. उष्णता आणि दमट हवा या फिल्मच्या वैरी आहेत, आणि कोकणात दोन्ही मुबलक. फिल्म दोन थरांच्या मध्ये बसवलेली असेल तर बाराशेचाही बरीच वर्षं चालतो. फिल्म तिरकी बसवली असेल तर मात्र किंमत कितीही असो, उपयोग नाही. वीस अंशांच्या तिरकेपणात बाराएक टक्के चकाकी आत येते, पंचेचाळीसला निम्मी. म्हणूनच गरवताना मान कलली की तळ विरघळतो आणि सरळ केली की परत येतो.

हे दुकानातच तपासता येतं. दुकानदाराचा कॅल्क्युलेटर मागून घ्यायचा. त्याच्या पडद्यावर स्वतःचा ध्रुवक असतो. गॉगलची एक काच पडद्यासमोर धरून गोल फिरवायची. कुठेतरी एका कोनात पडदा मिट्ट काळा होऊन आकडे बुडाले पाहिजेत. बुडाले नाहीत तर ती काच नुसतीच काळी आहे. मग गॉगलचा कोन न बदलता डावीकडून उजव्या काचेवर जायचं. दोन्हीकडे अंधार सारखा असला तर दोन्ही काचांतली फिल्म एकाच दिशेत बसली आहे. गंमत म्हणजे याच कारणाने होडीवरचा मासे शोधायचा पडदा किंवा जीपीएस कधीकधी पोलराइज्ड काचेतून कोरा दिसतो.

आता ज्यासाठी मी खरोखर आग्रह धरतो ती गोष्ट. ध्रुवीकरण आणि अतिनील किरणांपासून संरक्षण या दोन वेगळ्या बाबी आहेत. काळ्या काचेआड बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते डोळ्यात जास्तच शिरतात. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरावरच्या ८३८ मच्छीमारांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. आयुष्यभरातलं अतिनील-बी किरणांचं प्रमाण दुप्पट झालं की एका प्रकारच्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट होतो, असं त्यात दिसलं. आपल्या किनाऱ्यावर डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे चढत जाणारं मांस किती जणांच्या डोळ्यात दिसतं! ऊन, वारा आणि वाळू यांची ती देणगी. पॉलिकार्बोनेट मुळातच बहुतेक अतिनील किरण अडवतं, म्हणून 'यूव्ही ४००' लिहिलेला साधा गॉगल इथे कमी पडत नाही. पुष्कळ चष्म्याच्या दुकानांत हे मोजायचं छोटं यंत्र असतं, तिथे तपासून मागावं. आणि टोपी घालावी, वरून येणारं ऊन कुठलीच काच अडवत नाही.

जिथे गॉगल हतबल आहे तेही सांगायला हवं. पावसाळ्यातल्या गढूळ खाडीत मासा झाकतो तो गाळ, चकाकी नव्हे. तिथे कसलीही काच फक्त डोळ्यांचा ताण हलका करते. पाण्यातला मासा खऱ्या जागेपेक्षा वर दिसतो, चार हात खोल असेल तर सरळ वरून पाहतानाही तीन हातांवर. गॉगल ते दुरुस्त करत नाही, म्हणून पाग टाकणाऱ्याचा सरावच खरा. आणि खडपावर चालताना गॉगल कपाळावर सरकवावा. ओल्या शेवाळाची चमक हीच तिथे पाय जपण्याची खूण असते, आणि हा गॉगल नेमकी तीच पुसतो.

रोज आठ-आठ तास उन्हात होडी हाकणाऱ्याने, परवडत असेल तर, महाग काच जरूर घ्यावी. सुट्टीत गरवायला जाणाऱ्याने हजार-दीड हजाराचा तपासलेला गॉगल घ्यावा आणि उरलेले पैसे त्याच किनाऱ्यावरच्या एखाद्या खलाशाला तसाच गॉगल घेऊन देण्यात घालावेत, असं मला मनापासून वाटतं. मासा दिसणं ही माझी हौस आहे, त्याची ती भाकरी आहे.

त्या दुपारी आजोबांनी गॉगल बराच वेळ ठेवला. मान डावीकडे कलवून पाहिलं, उजवीकडे कलवून पाहिलं, तळ कधी जातो आणि कधी येतो ते मी न सांगताच हेरलं. किंमत विचारली नाही. काच सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतली, मग थांबून आधी पाण्याच्या बाटलीतलं गोडं पाणी तिच्यावर सोडलं आणि विचारलं, "खाऱ्यात किती वर्सां टिकता हो?"