श्वासाचा पांगुळगाडा

पांगुळगाडा ठाऊक नाही असे घर अमळनेरात विरळाच. मूल चालू लागले की तो माळ्यावर जातो. अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या श्वासयंत्राचेही तसेच आहे. ते लावण्यापेक्षा वेळेवर काढण्यातच खरे कौशल्य आहे, असे आम्हांस वाटते.

यंत्र लागते कशाला? फुप्फुसातील वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांना आतून एका स्निग्ध द्रवाचा लेप असतो. फार लवकर जन्मलेल्या बालकात तो अपुरा पडतो, हे १९५९ साली मेरी एलेन एव्हरी व जीअर मीड यांनी दाखवले. आज हा द्रव औषधरूपाने फुप्फुसात सोडता येतो.

मग यंत्र राहू का देऊ नये? त्याच्या दाबाने आणि जादा प्राणवायूने कोवळी फुप्फुसे दुखावतात. नळीवाटे जंतू शिरतात. म्हणून दाब, प्राणवायू व श्वासांची संख्या पायरीपायरीने उतरवतात. बालक श्वास घ्यायला विसरू नये म्हणून कॅफीन देतात. आपल्या चहातलेच ते द्रव्य! नळी निघाली की नाकावाटे मंद दाबाची हवा देतात. त्या हवेच्या नळीचे दुसरे टोक पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवले की दाबही तेवढाच राहतो.

पुढे आईची ऊब आणि दूध. आईला दूध नसेल तर दुग्धपेढी आहे. आशियातील पहिली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली.

कधी नळी पुन्हा घालावी लागते. तेव्हा नातलगांनी धीर सोडू नये. पहिले पाऊल टाकताना मूल पडतेच. म्हणून कोणी त्याला जन्मभर गाड्याशी बांधून ठेवीत नाही.