दर पावसाळ्याला एक दाता

मोखाडा-जव्हारच्या डोंगरात कणगीतली नाचणी-वरई संपत येते ती नेमकी पाऊस लागताना. नवं धान्य दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती येणार. मधल्या महिन्यांत आवणीचं सगळ्यात कष्टाचं काम, आणि त्यातच जुलाब, ताप. रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकाने १९८३च्या आपल्या पुस्तकात अशा घसरणीला ‘रॅचेट’ म्हटलं. रॅचेट म्हणजे दातेरी चाक आणि त्यावर टेकलेला खटका. हँडब्रेक ओढताना कट-कट वाजतो तो हाच. चाक एकेक दाता पुढे सरकतं, मागे फिरत नाही. श्रावणात औषधपाण्यासाठी शेळी विकली, की पीक आल्यावर धान्य मिळतं. शेळी परत येत नाही. पुढचा पावसाळा तिच्याशिवाय काढायचा.

माझ्या मते हा खटका सगळ्यात घट्ट बसतो तो मुलांच्या शरीरात. ग्वाटेमालातल्या सांता मारिया काउके या खेड्यात लिओनार्दो माता यांनी मुलांच्या जन्मापासून वजनाच्या नोंदी ठेवल्या आणि त्याच आलेखावर प्रत्येक आजारपणही मांडलं. जुलाब, गोवर, खोकला; प्रत्येक दुखण्याशी रेघ सपाट होते किंवा खाली वळते, आणि ती सावरण्याआधीच पुढचं दुखणं येतं. जुलाबाने आतड्याचं अस्तर झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही; कुपोषणाने प्रतिकारशक्ती ढासळते, मग पुन्हा जुलाब.

वजन घटतं तसं भरूनही येतं. उंचीचं तसं नाही. आजार आणि उपासमारीत हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढ-पट्ट्यांचं काम मंदावतं. पहिल्या दोन वर्षांत पोटभर अन्न मिळालं तर बरीचशी कसर निघते, नंतर फार थोडी. अशी खुरटलेली मुलगी पुढे आई होते, तेव्हा बाळ अडीच किलोच्या आत जन्मण्याचा धोका वाढतो. खटका पिढी ओलांडून बसतो तो असा.

अंगणवाडीत दंडाला गुंडाळायची पट्टी असते. घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला की मूल लाल भागात, म्हणजे तीव्र कुपोषित. उपचार तातडीने हवेतच. पण लाल रंग दिसेपर्यंत कितीतरी दाते सरकून गेलेले असतात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं; तेव्हापासून मोजदाद होते ती प्रामुख्याने शेवटच्या दात्याची.

खटका अडवायचा तर तो आषाढाआधी. ‘खावटी’ ही योजना मुळात त्यासाठीच होती: पावसाळ्यातल्या उपासमारीत आदिवासी कुटुंबांना सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून. रोजगार हमीचंही तेच. उन्हाळ्यातल्या कामाची मजुरी ज्येष्ठात हाती पडली तर शेळी गोठ्यात राहते. तीच भाद्रपदात मिळाली, तर रक्कम तेवढीच असूनही शेळी विकली गेलेली असते.