पत्रिकेची मांडणी

गतवर्षीं आप्तांकडील एका मुंजीस आम्ही पोहोंचलों, तों मंगलाष्टकें आटोपलीं होतीं. आमच्या वृद्ध मातोश्रींच्या अक्षता हातांतच राहिल्या! घरीं येऊन पत्रिका पुन्हां पाहिली. वेलबुट्टी, चार रंग आणि पांच तऱ्हांचीं अक्षरें यांच्या गर्दींत मुहूर्त एका कोपऱ्यांत अंग चोरून बसला होता. भोजनाची वेळ मात्र ठळक. तीच आम्ही मुहूर्ताची समजलों!

मांडणीचीं मूलतत्त्वें थोडींच आहेत. मुंबईच्या, १८६९ सालीं स्थापन झालेल्या, निर्णयसागर छापखान्याचें एखादें सटीक काव्य उघडून पाहावें. मूळ श्लोक मोठ्या टाइपांत, टीका त्याखालीं बारीक टाइपांत. दृष्टि आपोआप प्रथम श्लोकावर जाते. प्रधान तें मोठें, गौण तें लहान. संबंधित मजकूर एकत्र, भिन्न मजकुरांत अंतर. ओळी एका रेषेंत आणि समास मोकळा. कोरी जागा ही कागदाची नासाडी नव्हे. ती दृष्टीची विश्रांति होय.

हल्लीं संगणकावर पत्रिका घरोघरीं तयार होतात. म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती कीं, छापण्यापूर्वीं पत्रिका घरांतील वडीलधाऱ्यांच्या हातीं द्यावी आणि ‘कोठें? केव्हां?’ एवढेंच विचारावें. उत्तर तत्काळ मिळालें तर मांडणी साधली. न मिळाल्यास प्रथम वेलबुट्टी पुसावी.