भिंतीवरचे फरारी

भुईचक्र विझलं तरी त्याची गंमत संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातली फरशी पाहावी. मधोमध काळा डाग आणि त्याच्याभोवती बारीक, तिरक्या, भाजल्यासारख्या रेघा. लहानपणी मी त्या रेघांवरून भुईचक्र कुठल्या बाजूनं फिरलं असेल ते ठरवायचो. बरोबर की चूक हे सांगायला भुईचक्र शिल्लक नसायचं, त्यामुळे मी नेहमीच बरोबर असायचो.

म्युनिकजवळच्या गार्शिंगमध्ये मोठी माणसं हाच उद्योग गांभीर्यानं करतात. तिथे मॅक्स प्लांक संस्थेचं 'ॲस्डेक्स अपग्रेड' नावाचं टोकामॅक आहे. टोकामॅक म्हणजे मेदुवड्याच्या आकाराची पोकळ, निर्वात खोली. आत हायड्रोजनच्या भाईबंदांचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तापलेला वायू, आणि तो भिंतीला टेकू नये म्हणून भोवती चुंबकांचा पहारा. सूर्यात अणुकेंद्रकं एकमेकांत मिसळून ऊर्जा निघते, तेच इथे साधायचं आहे. पण त्यासाठी दहा कोटी अंशांच्या वर तापमान लागतं, आणि तिथवर पोचायला प्लाझ्मात वेगवान कण बाहेरून मारले जातात. ॲस्डेक्समध्ये सोडलेला ड्युटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा, असा कण सेकंदाला 3,000 किलोमीटरपर्यंत धावतो, म्हणजे अंदाजे काश्मीर ते कन्याकुमारी.

धावतो म्हणजे सरळ नव्हे. चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कण मळसूत्रासारखा गिरक्या घेत पुढे सरकतो. या गिरकीचं वर्तुळ फार तर पाणीपुरीच्या पुरीएवढं, आणि अशा गिरक्या सेकंदाला सुमारे दोन कोटी! कणाचा वेग जास्त तर वर्तुळ मोठं. कण चुंबकीय रेषेला किती तिरका धावतो, त्यावर मळसूत्राचे आटे दाट की विरळ ते ठरतं. पुढची सगळी करामत या दोन गोष्टींवर उभी आहे.

या गर्दीतून काही कण निसटतात आणि भिंतीवर आदळतात. त्यांना पकडणारं उपकरण म्हणजे 'फास्ट-आयन लॉस डिटेक्टर', म्हणजेच पळून आलेल्या वेगवान आयनांचा, विद्युतभारित कणांचा, टिपणीस. जाणकार त्याला नुसतं 'फिल्ड' म्हणतात. ग्रॅफाइटची टोपी घातलेली एक दांडी भिंतीतून जरा आत डोकावते. टोपीला एक बारीकशी फट असते. फटीतून शिरलेला आयन आतल्या पट्टीवर आपटतो आणि पट्टीवरचा लेप त्या जागी चमकतो. मोठ्या वर्तुळाचा आयन फटीपासून लांब पडतो, लहानाचा जवळ. आडव्या दिशेला वेग वाचायचा, उभ्या दिशेला तिरकेपणा. वेगळा चुंबक नाही की भिंग नाही. ज्या चुंबकीय क्षेत्रानं प्लाझ्मा धरून ठेवलाय, त्याच्याकडूनच फरारी कणांची वर्गवारी करून घ्यायची! ही फुकटची चतुराई मला तरी सगळ्या यंत्राहून देखणी वाटते.

कल्पनेचं मूळ जुनं आहे. 1909 मध्ये मँचेस्टरला रदरफर्डचे सहकारी गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कणांचे, म्हणजे हेलियमच्या अणुकेंद्रकांचे, लुकलुकणारे ठिपके मोजत होते. 1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत प्रिन्स्टनच्या 'टीएफटीआर' टोकामॅकमध्ये स्ट्युअर्ट झ्वेबेन यांनी तसाच चमकणारा लेप भिंतीलगत नेऊन ठेवला. रेडियममधून सुटणारे अल्फा आता हायड्रोजनच्या ज्वाळेतून सुटणार होते.

पण फरारींची एवढी चौकशी कशाला? ड्युटेरियम आणि हायड्रोजनचाच आणखी जड भाऊबंद ट्रिटियम एकत्र आले की एक न्यूट्रॉन आणि एक अल्फा कण निघतो. चार पंचमांश ऊर्जा न्यूट्रॉन बाहेर घेऊन जातो. उरलेला पाचवा हिस्सा अल्फाजवळ असतो. तो सेकंदाला 13,000 किलोमीटर वेगानं जन्मतो, आणि त्यानं आत राहून आपली ऊब प्लाझ्माला द्यायची, तरच शेगडी पेटती राहते. तो आधीच पळाला तर आच मंदावते आणि भिंत भाजते ते वेगळंच. टीएफटीआरमध्ये निसटलेल्या वेगवान आयनांनी एकदा निर्वात पात्रालाच गळती लावली होती. होमी भाभांनी 1955 मध्ये जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेत अध्यक्षपदावरून भाकीत केलं होतं की वीस वर्षांत केंद्रकं मिसळून मिळणारी ही ऊर्जा काबूत येईल. भाकीत कुठे अडलं याची जी अनेक उत्तरं आहेत, त्यातलं एक या पट्टीवर चमकतं.

गार्शिंगमध्ये पट्टीवरच्या प्रकाशाचं वाचन सेकंदाला दहा लाख वेळा होतं. संशोधक मान्वेल गार्सिया-मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वेगाला पुरेल असा झटपट विझणारा लेप वापरला, आणि मग दिसलं की ही चमक तालात लपलपते. चुंबकीय रेषा तंबोऱ्याच्या तारांसारख्या कंप पावतात. या कंपनांना आल्फवेन लहरी म्हणतात. नेमक्या त्याच तालावर आयन भिंतीवर येत होते. लहर एकटी असेल तर तिचा जोर दुप्पट झाल्यावर गळतीही दुप्पट. पण अनेक लहरी एकमेकींत मिसळल्या तर जोर दुप्पट झाल्यावर गळती चौपट! एका लहरीनं ढकललेला आयन दुसरीच्या हाती, दुसरीकडून तिसरीच्या. लोकलच्या गर्दीत दादरला उतरायचं नसताना उतरवला गेलेला माणूस हे लगेच समजेल.

फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या 'इटर' या टोकामॅकमध्ये अल्फाचं वर्तुळ जेवणातल्या पुरीएवढं, दहा सेंटिमीटरचं असेल. तिथे अशी दांडी आत कायमची ठेवून चालणार नाही, तेवढी उष्णता ती सोसणार नाही. म्हणून आराखड्यात ती मागेपुढे सरकणारी आहे. क्षणभर आत जायचं, चमक टिपायची आणि मागे यायचं, तवा तापला का ते बघायला आई बोट टेकवून चटकन उचलते तसं.