आग विझविणारास मोबदला द्यावा काय?

फाल्गुन लागून रब्बीचीं खळीं चालू झालीं कीं खेड्यापाड्यांतून आगीच्या वार्ता येऊं लागतात. कोठें कडब्याची गंज जळते, कोठें विजेच्या तारा एकमेकींस घासून उभा ऊंस पेटतो, तर कोठें बांधावर पेटविलेला पालापाचोळा वाऱ्यानें शेजाऱ्याच्या वावरांत शिरतो. तालुक्याहून बंब येईपर्यंत जो वेळ जातो, त्या अवधींत जें कांहीं वांचावयाचें तें गांवकऱ्यांच्याच हातून वांचतें, हा सर्वांचा अनुभव आहे. आमची नोकरी महसुली दप्तरांत झाल्यामुळें अशा आगींचे पंचनामे आम्हीं पुष्कळ लिहिले. पंचनाम्यांत जळालेल्या जिनसांची यादी असते, त्यांची किंमत असते, पंचांच्या सह्या असतात. परंतु आपलें पाणी धरणें टाकून जो धांवला, ज्याचे हात पोळले, ज्याचा फवारणीचा पंप निकामी झाला, त्याच्याकरितां त्यांत रकाना नसतो. अशा माणसास गांवानें कांहीं अल्पस्वल्प मोबदला द्यावा कीं न द्यावा, याचा विचार आमच्याकडे अद्याप नीटसा झालेला नाहीं. परदेशांत तो झाला आहे, आणि विशेष हें कीं तो शेतकऱ्यांच्या संबंधांतच झाला आहे; म्हणून ती हकीकत प्रथम सांगतों.

ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स या राज्यांत ग्रामीण भागांतील आग विझविण्याचें काम जवळजवळ सर्वस्वीं स्वयंसेवकांवर चालतें. बेरिगन या गव्हाच्या मुलखांतील गांवीं १९०० सालीं तेथील लोकांनीं पहिलें रीतसर पथक उभारिलें. पुढें गांवोगांवचीं पथकें १९९७ च्या कायद्यानें एका खात्याखालीं आणण्यांत आलीं, व त्यांत सत्तर हजारांच्या आसपास माणसें नोंदलेलीं आहेत. गाड्या, पोशाख व शिक्षण सरकारचें. श्रम लोकांचे, अशी ही वांटणी. आग दोनचार दिवसांची असते तोंवर ती उत्तम चालते. माणूस दोन दिवस आपलें काम बाजूस ठेवतो आणि परत येऊन तें हातीं घेतो.

२०१९ सालीं मात्र आगी तिकडील हिवाळा सरतांनाच लागल्या आणि २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत विझल्या नाहींत. एकट्या न्यू साउथ वेल्समध्यें सुमारें ५५ लक्ष हेक्टर रान जळालें, चोविसशेंहून अधिक घरें गेलीं, २६ माणसें मेलीं. त्यांत स्वयंसेवक होते. दोघे १९ डिसेंबर रोजीं गाडीवर झाड कोसळून गेले. आणखी एक ३० डिसेंबर रोजीं आगीच्या वावटळीनें गाडी उलथून टाकल्यामुळें गेला. जे जिवंत होते त्यांचे आठवड्यांमागून आठवडे आगीच्या तोंडाशीं चालले होते. आणि येथें त्या व्यवस्थेंतील उणीव उघडी पडली. सरकारी नोकरास रजा मिळे व पगारही मिळे. खाजगी नोकरास कायद्यानें रजा मिळे, पगार मिळेच असें नाहीं. परंतु शेतकरी, सुतार, किरकोळ दुकानदार यांस रजा देणार कोण? त्यांचें काम बंद पडलें म्हणजे मिळकतच बंद. एकाच गाडींत बसून, एकच धूर खाऊन, एकाच्या घरीं पगार येत होता आणि दुसऱ्याच्या घरीं कर्जाचा हप्ता थकत होता.

तेथील पंतप्रधानांचा कल प्रारंभीं मोबदला देण्याकडे नव्हता. स्वयंसेवक आपखुषीनें जातात, असें त्यांचें म्हणणें होतें. आणि खुद्द स्वयंसेवकांपैकींही कित्येकांस पैसा नको होता. तथापि २९ डिसेंबर २०१९ रोजीं केंद्र सरकारनें भरपाई जाहीर केली. तिच्या अटी आम्हांस फार विचारपूर्वक घातलेल्या दिसतात. ज्यानें त्या मोसमांत दहा दिवसांहून अधिक काम केलें असेल त्यासच ती मिळावयाची. तो स्वतःचा धंदा करणारा किंवा लहान-मध्यम पेढींत नोकरी करणारा असावा. बुडालेल्या मिळकतीबद्दल दिवसास ३०० डॉलरपर्यंत, व एकंदर ६,००० डॉलरच्या वर नाहीं. आतां ६,००० स ३०० नीं भागिलें तर वीस दिवस येतात, आणि केंद्राच्या नोकरांस त्याच आठवड्यांत जी जादा पगारी रजा जाहीर झाली होती ती वीस दिवसांचीच होती. म्हणजे सरकारी नोकरास जें मिळालें तेंच कष्टकऱ्यासही मिळावें, एवढाच हिशेब. ही मजुरी नव्हे. आग विझविण्याची किंमत कोणी ठरविली नाहीं. विझविणाराचें जें बुडालें तें कांहीं अंशीं भरून दिलें.

मजुरी आणि भरपाई यांतला हा भेद बारीक दिसतो, पण सर्व मख्खी त्यांतच आहे. तो न ओळखल्यास काय होतें याचें उदाहरण इटलींतील सिसिली बेटावर घडलें. तेथें रगूसा येथील स्वयंसेवकांस कामगिरीवर असतांना ताशीं सुमारें दहा युरो मिळत. २०१७ च्या ऑगस्टांत पोलिसांनीं पंधरा जणांच्या एका पथकावर आरोप ठेवला कीं, २०१३ ते २०१५ या काळांत त्यांनीं खोट्या वर्द्या दिल्या, आणि कांहीं आगी तर आपल्याच हातांनीं लाविल्या. इतर पथकांच्या फेऱ्या चाळीसच्या आसपास असतां याच पथकाच्या एकशेंवीस कशा, या आंकड्यावरून संशय आला, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. आंकडे जुळवून पाहणारा कोणी कारकून तेथेंही होता म्हणावयाचा! असो. आगीमागें तासावर दाम ठेवला म्हणजे आग ही मिळकतीची बाब होते, आणि सर्वच माणसें तो मोह टाळतील असें समजून नियम करतां येत नाहींत.

अमेरिकेंत हा अनुभव फार जुना आहे. बेंजामिन फ्रँकलिन यानें १७३६ सालीं फिलाडेल्फियांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचें जें पथक काढिलें तें परस्पर साह्याचें होतें. पुढें शहरें वाढलीं, पथकें पुष्कळ झालीं, आणि पाण्याच्या नळावर आधीं हात कोणाचा यावरून आग बाजूस राहून मारामाऱ्या होऊं लागल्या. तेव्हां सिनसिनाटी शहरानें १८५३ सालीं पगारी पथकच नेमिलें. खेड्यांतून मात्र आजही स्वयंसेवकच आहेत. त्यांची संख्या १९८४ सालीं सुमारें ८ लक्ष ९८ हजार होती, ती २०२० सालीं ६ लक्ष ७७ हजारांवर आली. लोक कामधंद्यास दूर जातात, शिक्षणाचे तास वाढले, तरुण गांवांत राहत नाहींत, हीं कारणें आम्हांस परकीं वाटूं नयेत. टिकून राहणारास कांहीं द्यावें म्हणून तेथें नाममात्र मानधनाची मोकळीक आहे. परंतु पगारी माणसास त्याच कामाबद्दल जें मिळेल त्याच्या शेंकडा २० च्या आंत तें असावें, असा तेथील मजूरखात्याचा दंडक आहे. शिवाय वर्षानुवर्षें टिकणारास उतारवयांत कांहीं रक्कम देण्याच्या योजना कित्येक गांवांत आहेत. ही शेवटची रीत आम्हांस विशेष पसंत आहे. कारण तींत दाम आगींच्या संख्येवर नसून माणसाच्या टिकण्यावर आहे.

आपल्या देशांत कायद्यानें प्रथम दामाऐवजीं दंडच योजिला. १९२७ च्या वन अधिनियमाच्या ७९ व्या कलमान्वयें, राखीव वा संरक्षित वनांत ज्यांस हक्क आहेत त्यांनीं वणवा विझविण्यास मदत केलीच पाहिजे. न केल्यास मूळ कायद्यांत एक महिन्यापर्यंत कैद अगर दोनशें रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु दंडाच्या भयानें वणवे विझत नाहींत. कुमाऊंत रानें राखीव करून लोकांचे चराईचे व लांकडाचे हक्क आंखडले, तेव्हां १९२१ सालीं विझविणें दूरच राहिलें, लोकांनींच ठिकठिकाणीं रानें पेटविलीं. पुढें १९३१ सालीं तेथें वनपंचायतींचे नियम झाले व कांहीं रान गांवाच्या हातीं आलें. रानांत आपला वांटा आहे असें ज्यास वाटतें तो रात्रीं उठतो. त्याच मुलखांत आतां एक चांगली युक्ति निघाली आहे. चिराच्या झाडाचा वाळका पाला, ज्यास तिकडे पिरूल म्हणतात, तो वणव्याचें मुख्य सरपण होय. तो गोळा करून आणणारास उत्तराखंड सरकार किलोस तीन रुपये देत असे, तो दर २०२४ सालीं पन्नास रुपये जाहीर झाला. आग विझल्यावर दाम देण्यापेक्षां आग लागूं नये म्हणून दाम देणें केव्हांही शहाणपणाचें. यांत लबाडीस जागा कमी, कारण पाला तराजूंत पडतो.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. आमच्या वाचकांपैकीं बहुतेक खातेदार आहेत. आग लागते ती बहुधा खातेदाराच्या गंजीस किंवा उंसास. धांवणारांत मात्र निम्मे तरी रोजंदारीचे असतात. रात्रभर ऊंस वांचवून सकाळीं ज्याच्या अंगांत कामावर जाण्याचें त्राण उरत नाहीं, त्याचा त्या दिवसाचा रोज गेला. हा रोज गांवानें भरून द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. पैशानें गांवची माया आटेल, असें जुनीं माणसें म्हणतात, आणि तें अगदींच खोटें नाहीं. पण ज्याची चूल रोजावर पेटते त्यास मायेचा उपदेश खातेदारानें करावा, हें शोभत नाहीं.

मात्र ज्याचें वांचलें त्यानें जागच्या जागीं बक्षीस द्यावें, ही प्रथा आम्हांस घातक वाटते. ती पडली तर उद्यां दोन ठिकाणीं एकदम आग लागल्यास लोक मोठ्या वाड्याच्या गंजीकडे आधीं धांवतील आणि विधवेचें छप्पर मागें राहील. दाम देणारा हात एकच असावा: सोसायटी असो कीं ग्रामपंचायत. ऊंस-उत्पादकांनीं टनामागें, इतरांनीं एकरामागें कांहीं पैसे वर्षास दिले तरी लहानसा निधि उभा राहतो. त्यांतून बुडालेला रोज, टँकरचें व ट्रॅक्टरचें डिझेल, मोडलेल्या पंपाची दुरुस्ती एवढेंच द्यावें. आगीस इतके, फेरीस इतके, असा दर लावूं नये.

आणि सर्वांत आधीं विमा. २०२४ च्या जूनांत अल्मोडा जिल्ह्यांतील बिनसर अभयारण्यांत वणवा विझवितांना चार वनकर्मचारी होरपळून जागींच मेले. ते तर सरकारी कामावर होते. गांवच्या पोरावर असा प्रसंग आल्यास त्याच्या मागें कोण आहे? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेंत अठरा ते सत्तर वर्षांच्या खातेदारास बँकेंतून वर्षाला वीस रुपये कापून दोन लक्ष रुपयांचा अपघाती विमा मिळतो. पंचवीस जवानांचे वर्षाचे पांचशें रुपये होतात. गांवच्या जत्रेंत शोभेच्या दारूवर याहून अधिक खर्च होतो, हें सांगावयास नको. या विम्याचें वर्ष १ जूनला सुरू होतें आणि हप्ता मे महिन्याच्या अखेरीस कापला जातो. तेव्हां त्या वेळीं प्रत्येकाच्या खात्यांत रक्कम आहे कीं नाहीं हें कोणी तरी पाहावें लागेल. भाजल्याच्या औषधपाण्याचा खर्च यांत येत नाहीं. तो निधींतूनच करावा लागेल.

जवानांची यादी २६ जानेवारीच्या ग्रामसभेंत वाचून घ्यावी. वणव्याचा मोसम १५ फेब्रुवारीपासून धरतात, तोंवर पंप तपासण्यास, गोणपाटें जमविण्यास व शिवारालगत जाळरेषा काढण्यास अवधि मिळतो. यादींत टँकरवाल्याचें नांव व तो रात्रीं कोठें निजतो हें आधीं लिहावें. ऐन वेळीं शोधावा लागतो तो नेमका तोच.