कानामागील श्रवणयंत्र : वापर आणि निगा

शिबिरात मिळालेले श्रवणयंत्र मूल पहिले काही दिवस हौसेने लावते. पुढे सेल संपतो. नवा सेल गावच्या दुकानात मिळत नाही. यंत्र मधूनच शिटी वाजवू लागते. वर्गातील मुले हसतात. मग एके दिवशी ते यंत्र घरच्या कोनाड्यात किंवा पत्र्याच्या पेटीत जाऊन पडते. यंत्र मोडलेले नसते, हरवलेलेही नसते. परंतु मूल त्या दिवसापासून पुन्हा अर्धवट ऐकू लागते. ‘पाट’ म्हटले की ‘ताट’ समजते, श्रुतलेखनात चुका करते, आणि हळूहळू त्याची गणना मठ्ठ किंवा लक्ष नसलेल्या मुलांत होऊ लागते. भाषा शिकण्याचे वय एकदा निघून गेले की पुढे ती उणीव भरून काढणे फार कठीण जाते. यास्तव बदनापूर तालुक्यातील वाडीवस्तीच्या शाळेतही ज्या शिक्षकाच्या वर्गात असे एखादे मूल असेल, त्याला या लहानशा यंत्राची नीट ओळख असणे अगत्याचे आहे.

१. यंत्राची रचना

कानामागे बसणाऱ्या यंत्राचे तीन मुख्य भाग असतात. पहिला भाग म्हणजे कानाच्या पाळीमागे राहणारी वक्राकार डबी. तिच्यात आवाज टिपणारा मायक्रोफोन, तो मोठा करणारा विद्युत्-मंडलाचा भाग, आवाज बाहेर सोडणारा छोटा ध्वनिक्षेपक आणि सेल ही सर्व असतात. दुसरा भाग म्हणजे कानावर अडकणारा आकडा व त्याला जोडलेली पारदर्शक नळी. तिसरा भाग म्हणजे कानात बसणारा साचा. हा साचा त्या मुलाच्या कानाचे माप घेऊन बनवलेला असल्याने तो दुसऱ्याच्या कानात नीट बसत नाही.

पूर्वीची यंत्रे छातीवर अडकवावयाच्या पेटीच्या स्वरूपाची असत. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि त्यानंतर यंत्राचा आकार कानामागे मावेल इतका लहान झाला. आजची बहुतेक यंत्रे डिजिटल असून श्रवणतज्ज्ञ ती संगणकाच्या साहाय्याने त्या त्या मुलाच्या श्रवणदोषाप्रमाणे जुळवून देतात. म्हणून एका मुलाचे यंत्र त्याच्या भावंडास किंवा आजोबांस ‘लावून पाहा’ म्हणून देऊ नये. अधिक शक्तीचे यंत्र दुसऱ्याच्या कानास अपायही करू शकते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चष्म्याने दृष्टीचा दोष पुष्कळदा तत्काळ दूर होतो. श्रवणयंत्राचे तसे नाही. ते आवाज मोठा करते. परंतु कानाच्या आतील दोषामुळे अस्पष्ट झालेला आवाज सर्वस्वी स्पष्ट करू शकत नाही. शिवाय नव्याने ऐकू येणाऱ्या आवाजांचा अर्थ लावण्यास मुलाला आठवडे, कधी महिने लागतात. त्या काळात यंत्राचा उपयोग नाही असे म्हणून ते काढून ठेवणे ही मोठी चूक होय.

२. यंत्र लावण्याची रीत

यंत्रावर किंवा साच्यावर बहुधा रंगाची खूण असते : तांबडी उजव्या कानासाठी आणि निळी डाव्या कानासाठी. यंत्र बंद ठेवून प्रथम साचा कानात बसवावा, त्याचे वरचे टोक कानाच्या वळीखाली नीट सरकवावे, मग डबी कानामागे ठेवावी आणि शेवटी यंत्र चालू करावे. चालू यंत्र कानात घालू गेल्यास ते शिटी वाजवते व मूल दचकते. काही यंत्रांवर ‘एम’, ‘टी’ व ‘ओ’ अशी अक्षरे असतात. ‘एम’ म्हणजे मायक्रोफोन, ‘टी’ म्हणजे दूरध्वनी इत्यादींसाठीची विशेष सोय, आणि ‘ओ’ म्हणजे बंद. वर्गात खटका ‘एम’वरच असावा. तो ‘टी’वर सरकला तर यंत्र चालू असूनही मुलाला शिक्षकांचा आवाज ऐकू येत नाही.

३. रोजची पाच मिनिटांची तपासणी

परिपाठापूर्वी शिक्षकाने पुढील तीन गोष्टी कराव्यात.

(अ) पाहणी : नळीला चीर नाही ना, तीत पाण्याचे थेंब नाहीत ना, साच्याच्या छिद्रात मळ अडकलेला नाही ना, हे पाहावे.

(आ) मुठीची परीक्षा : यंत्र चालू करून हाताच्या ओंजळीत बंद धरावे. शिटी ऐकू आली तर सेल जिवंत आहे असे समजावे. काही नव्या यंत्रांत शिटीस आळा घालणारी सोय असल्याने ती क्षीण येते, हे ध्यानात ठेवावे.

(इ) सहा ध्वनींची परीक्षा : यंत्र लावलेल्या मुलाच्या बाजूस सुमारे एक मीटर अंतरावर, त्याला ओठ दिसणार नाहीत अशा रीतीने उभे राहून, नेहमीच्या आवाजात म्, ऊ, आ, ई, श्, स् हे ध्वनी क्रम बदलून उच्चारावे. मुलाने ऐकलेला ध्वनी परत म्हणावा. लहान मुलाने टाळी वाजवावी. मधूनच काही न बोलता थांबावे, म्हणजे मूल अंदाजाने टाळी देते काय हे कळते. डॅनियल लिंग या तज्ज्ञाने रूढ केलेल्या या परीक्षेत मंद्र ध्वनींपासून तीव्र ध्वनींपर्यंत बोलण्यातील बहुतेक सर्व आवाजांचा पल्ला येतो. प्रत्येक मुलाला सहाही ध्वनी ऐकू येतीलच असे नाही. परंतु काल ऐकू आलेला ध्वनी आज येत नसेल, तर यंत्रात किंवा कानात काहीतरी बिघडले आहे. यासाठी एका वहीत रोजची नोंद ठेवावी.

४. सेलची काळजी

या यंत्रात बहुधा जस्त-वायू प्रकारचे सेल असतात. त्यांवरील चिकटपट्टी काढली की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि हवेतील प्राणवायूच्या योगाने सेल काम करू लागतो. पट्टी काढल्यावर एक-दोन मिनिटे थांबून मग सेल यंत्रात घालावा. एकदा काढलेली पट्टी पुन्हा चिकटवून सेल वाचत नाही. म्हणून गरज पडल्याखेरीज ती काढू नये. क्रमांक व रंग ठरलेले आहेत : १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी आणि ६७५ निळा. यंत्राची शक्ती व रोजचा वापर यांनुसार सेल साधारणतः एक ते तीन आठवडे टिकतो. पालक बाजारास किंवा तालुक्याच्या गावी जातील तेव्हा योग्य क्रमांकाचे पाकीट आणण्याची आठवण करून द्यावी, आणि एक पाकीट शाळेच्या कपाटात ठेवावे. काही नव्या यंत्रांना विजेवर भारित होणारे सेल असतात. ती रात्री भारित करावी लागतात.

सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो गिळला गेल्यास अथवा नाकाकानात घातला गेल्यास घरगुती उपाय न करता मुलाला तत्काळ दवाखान्यात न्यावे.

५. स्वच्छता

पाणी हा यंत्राचा मोठा शत्रू होय. आंघोळ, पोहणे, पावसात भिजणे व रंगपंचमी या प्रसंगी यंत्र काढून ठेवावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामाचा व धुळीचा त्रास असतो. डबी रोज कोरड्या, मऊ कापडाने पुसावी. डोक्यास तेल लावले असेल तर केस व कान पुसून मगच यंत्र लावावे. तेलाने मायक्रोफोनचे छिद्र बुजते.

साचा मात्र धुता येतो. तो नळीसह डबीपासून वेगळा करून कोमट साबणाच्या पाण्यात धुवावा, नळीतील पाणी फुंकून किंवा झटकून काढावे व रात्रभर वाळू द्यावे. स्पिरिट वापरू नये. रात्री सेलचे झाकण उघडे ठेवून, सेल बाहेर काढून, यंत्र ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. यंत्र हरवू नये म्हणून ते दोऱ्याने सदऱ्याच्या कॉलरला बांधता येते.

६. शिटी का वाजते?

साचा नीट न बसणे, कानात मळ साठणे, नळी फाटणे किंवा आवाज अधिक वाढवणे ही तिची मुख्य कारणे होत. वाढत्या वयाच्या मुलाचा कान मोठा होतो व साचा सैल पडतो. म्हणून शिटी थांबविण्यासाठी आवाज कमी करून भागत नाही, साचा बदलून घ्यावा लागतो. नळीही काही महिन्यांत कडक होते, ती बदलावी. कानातील मळ काडीने काढू नये. कान वाहत असेल वा दुखत असेल तर त्या कानातील साचा काढून ठेवावा व डॉक्टरांना दाखवावे.

७. वर्गातील व्यवस्था

मायक्रोफोन जवळचा आवाज चांगला टिपतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते. म्हणून मुलाला पुढे, शिक्षकाचा चेहरा दिसेल अशा जागी बसवावे. रस्त्याकडील खिडकीजवळ बसवू नये. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडत असता यंत्र त्या पावसाचाही आवाज मोठा करते. अशा वेळी तोंडी पाठाऐवजी लेखी काम द्यावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. ओरडू नये, ओरडल्याने आवाज वाढतो, शब्द स्पष्ट होत नाहीत. सूचना समजली काय हे ‘समजले का?’ असे विचारून नव्हे, तर ती मुलाकडून परत म्हणवून घेऊन ठरवावे.

यंत्र काय आहे हे संपूर्ण वर्गाला एकदा समजावून सांगावे. ज्या वस्तूची माहिती झाली, तिची थट्टा मुले सहसा करीत नाहीत.

८. साहाय्य कोठे मिळते?

२०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील वैद्यकीय पथके शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. संशय असलेल्या मुलाचे नाव त्यांना आवर्जून सांगावे. समग्र शिक्षेतील विशेष शिक्षकांशी गट साधन केंद्रामार्फत संपर्क साधता येतो. केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या ‘एडिप’ योजनेत पात्र व्यक्तींना साहाय्यक साधने मिळतात. वाणी व श्रवण या विषयाची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून मुंबईत कार्य करीत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये अशा मुलास इतर मुलांबरोबर शिकण्याचा हक्क आहे.

तथापि योजनेतून यंत्र मिळणे ही केवळ सुरुवात होय. ते रोज मुलाच्या कानावर चालू स्थितीत राहिले तरच त्याचा लाभ होतो. डॉक्टर व श्रवणतज्ज्ञ मुलाला वर्षातून मोजक्या वेळा पाहतात. शिक्षक मात्र त्याला रोज पाहतो. सकाळी पाच मिनिटे खर्च करून त्याने सहा ध्वनी उच्चारले आणि मुलाने ते परत म्हटले, तर त्या दिवसाचा पाठ त्या मुलापर्यंतही पोहोचेल.